मांत्रिकाला चिलखत हवे का?

समोर दोन पुरुष उंचीचा राक्षस उभा आहे. त्याच्या हातात कुऱ्हाड आहे. त्याच्याशी गाठ पडली आहे एका किडकिडीत माणसाची. अंगात पायघोळ झगा, डोक्यावर टोपडे आणि दोन्ही हात रिकामे. अलोऱ्यातल्या एखाद्या घरात नातवाच्या खुर्चीमागे उभी राहून संगणकाच्या पडद्यावर हा प्रसंग बघणारी आजी कळवळून म्हणणारच, "अरे मेल्या, त्याच्या अंगात काहीतरी लोखंडाबिखंडाचे घाल की!" आणि नातू मान न वळवता उत्तर देणार, "आजी, तो मांत्रिक आहे. त्याला चिलखत चालत नाही." आजीचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. नातवाचे उत्तर मात्र अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात बरेच काही दडलेले आहे.

रविवारच्या पुरवणीच्या पहिल्या पानावर खेळातल्या मांत्रिकाचे कपडे कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु अकरावी-बारावीच्या वयाची मुले ज्या घरात आहेत तिथे हा मांत्रिक रोज संध्याकाळी हजर असतो. आपण मोठी माणसे मुलाला दोनच प्रश्न विचारतो. किती वेळ झाला? आणि अभ्यास कधी करणार? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण तिसरा प्रश्न, तू तिथे नेमके करतोस काय, हा आपण विचारत नाही. विचारला तर कळते, की पडद्यावरच्या मारामारीला मिनिटभर लागतो आणि त्याआधी अर्धा तास मुलगा एका यादीसमोर हनुवटीवर हात ठेवून बसलेला असतो. झगा की चिलखत? अग्निमंत्र की रक्षामंत्र? हे घेतले तर ते सोडावे लागणार. तो निवड करीत असतो. आणि निवड करणे ही गोष्ट आपण त्याला इतरत्र फारशी करू देत नाही.

आधी एक शंका मिटवून टाकू. 'मांत्रिक' म्हटले की आपल्या कोकणात भिवया उंचावतात, आणि त्या उंचावायलाच हव्यात. लिंबू-मिरची, उतारे, देवस्की, करणी यांनी इथल्या किती घरांची धूळधाण केली ते सांगायला नको. त्याविरुद्ध महाराष्ट्रात कायदा व्हायला २०१३ साल उजाडावे लागले, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खून झाल्यानंतर आला. खेळातला मांत्रिक या जातकुळीचा नाही. त्याच्या जादूत गूढ असे काहीच नसते. प्रत्येक मंत्राची किंमत समोर छापलेली असते, परिणाम आकड्यात सांगितलेला असतो, आणि खिशात तेवढे नसेल तर मंत्र चालत नाही. भोंदूबाबाच्या जादूची नेमकी खूण ही, की तिचा हिशेब कुणी मागायचा नसतो. इथे सारा खेळच हिशेबाचा आहे.

या खेळाचा मूळपुरुष १९७४ सालचा. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तीन छोट्या पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला काढल्या. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तेव्हा पडदा नव्हता. चार मित्र टेबलाभोवती बसत, एकजण गोष्ट सांगे, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होत आणि फासे टाकून काय घडले ते ठरवीत. कुणी योद्धा, कुणी धर्मगुरू, कुणी मांत्रिक. मांत्रिकाला नियम कडक होता. चिलखत वर्ज्य. शस्त्र म्हणजे फार तर एक खंजीर. पहिल्या पायरीवरचा मांत्रिक इतका नाजूक असे की एका वर्मी घावात त्याचा निकाल लागे. मग हा सोसायचा कुणी? उत्तर असे, की तो एकटा नसे. ढाल घेऊन पुढे उभा राहणारा मित्र होता. मांत्रिक जगला तर पुढे तोच सगळ्यांच्या वरचढ होणार हे ठाऊक असल्यामुळे बाकीचे त्याला सांभाळत. थोडक्यात, मांत्रिकाचे चिलखत म्हणजे त्याची मित्रमंडळी.

पुढे हे सारे संगणकात शिरले आणि खेळणारा एकटा पडला. ढाल धरायला मित्र उरला नाही. म्हणूनच चिलखताचा प्रश्न खऱ्या अर्थाने जागा झाला. २०११ च्या नोव्हेंबरात आलेला 'स्कायरिम' हा खेळ घेऊ. आज तो जुना म्हणावा असा झाला, पण अजून खेळला जातो आणि साध्या संगणकावर चालतो, म्हणून उदाहरणाला बरा. (पालकांसाठी एक सूचना इथेच देऊन ठेवतो. या खेळात रक्तपात आहे आणि अमेरिकेत त्यावर सतरा वर्षांपुढील मुलांसाठी असा शिक्का आहे. सातवीतल्या मुलाच्या हाती तो देऊ नये.) या खेळात पात्राजवळ तीन ठेवी असतात. एक प्राण, म्हणजे किती घाव सोसता येतील. दुसरा दम, म्हणजे धावणे आणि जोराचा वार. तिसरी मंत्रशक्ती. आरंभी तिन्ही शंभर-शंभर. दर पायरीला दहाची भर घालता येते, पण तिघांपैकी एकातच. पहिली ओढाताण इथे सुरू होते.

मंत्रशक्ती म्हणजे काय हे जगातल्या इतर लोकांना समजावून सांगावे लागत असेल. अलोऱ्याच्या माणसाला ते सांगण्याची गरज नाही. शिवसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते, तिथून कोळकेवाडीच्या जलाशयात येते, त्या धरणाच्या पायथ्याशी पुन्हा एकदा वीज देते आणि मग वाशिष्ठीला मिळते. या साऱ्या टप्प्यांची मिळून वीजनिर्मितीची ताकद १९६० मेगावॉट आहे. पण ही ताकद चोवीस तास वापरायची नसते. पश्चिमेकडे वळवून विजेसाठी वापरायच्या पाण्याचा वर्षाचा वाटा कृष्णा पाणी तंट्याच्या निवाड्याने बांधून दिलेला आहे, ६७.५ टीएमसी. त्यामुळे राज्याची मागणी चढते त्या घटकेला यंत्रे फिरवायची, उतरली की पाणी राखायचे, आणि मे महिन्यापर्यंत पुरवायचे. खेळातल्या मांत्रिकाचा धंदा तंतोतंत हाच. साठा ठरलेला, भरण्याचा वेग मंद, आणि मागणी मात्र एकदम येते. जो पोरगा पहिल्याच कोल्ह्यावर सगळा साठा ओतून बसतो त्याची अवस्था मे महिन्यातल्या कोरड्या धरणासारखी होते, आणि राक्षस नेमका तेव्हाच येतो.

आता झगा आणि चिलखत यांचा सौदा बघू. झगा घाव अडवीत नाही. पण मांत्रिकाच्या उत्तम झग्याने मंत्रशक्ती भरण्याचा वेग दीडशे टक्क्यांनी वाढतो आणि ज्या विद्येचा तो झगा असेल तिचे मंत्र स्वस्त पडतात. चिलखत याच्या उलट. ते घाव अडवते, पण साठ्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य. छातीवर एकाच वेळी दोन्ही घालता येत नाहीत. म्हणजे खरा प्रश्न असा, की मार खाल्ल्यावर वाचायचे की मार खायची वेळच येऊ द्यायची नाही? धरणाच्या भाषेत सांगायचे तर भिंत जाड करायची की येवा वाढवायचा?

जुन्या खेळांनी हा प्रश्न नियमाने सोडवला होता. १९७४ च्या पुस्तिकेत सरळ बंदी होती. २००० सालच्या आवृत्तीत बंदीऐवजी दंड आला. चिलखत घाला, पण ते जितके अवजड तितकी मंत्र फसण्याची शक्यता जास्त. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये चिलखत घातल्यावर मंत्राचा जोर थोडा उतरत असे. 'स्कायरिम'ने हे सगळे काढून टाकले. लोखंडात नखशिखांत मढलेला मांत्रिक तितक्याच जोराने आग ओकतो. एवढेच नव्हे, तर वस्तूंवर मंत्र चढवण्याची विद्या शेवटपर्यंत शिकली, तर मुकुट, अंगातले वस्त्र, अंगठी आणि गळ्यातली माळ या चार जागी पंचवीस-पंचवीस टक्के सवलत बसवता येते. चार पंचविशी शंभर, म्हणजे त्या विद्येचे मंत्र फुकट. चिलखताची बेरीज ५६७ वर पोचली की शस्त्राचा ८० टक्के घाव अडतो आणि त्यापुढे कितीही लोखंड चढवले तरी फरक पडत नाही. असा फुकट मंत्र टाकणारा लोखंडी मांत्रिक जवळजवळ अजिंक्य होतो. मुलांना याचा फार अभिमान वाटतो. माझे मत विचाराल तर खेळ तिथे संपला. पाणी अमर्याद आणि भिंत अभेद्य असेल तर वीजगृहात अभियंता हवा कशाला?

बरे, झगेवाल्याला काहीच रक्षण नसते असेही नाही. नातवाचे उत्तर अर्धेच बरोबर म्हटले ते यामुळे. या खेळात एक विद्या आहे जिच्यातला मंत्र म्हटला की कातडीच काही काळापुरती झाडाच्या सालीसारखी, दगडासारखी, लोखंडासारखी होते. आणि त्या विद्येत एक कौशल्य असे आहे, की अंगावर एकही चिलखत नसेल तरच या मंत्राचा परिणाम दुप्पट, अडीचपट, शेवटी तिप्पट होतो. एक जरी लोखंडी हातमोजा घातला तरी ती वाढ गेली. सर्वांत साधा मंत्र ४० आकड्याचे रक्षण एक मिनिटभर देतो, तो या कौशल्याने १२० पर्यंत जातो. म्हणजे मांत्रिकाला चिलखत असते, फक्त ते शब्दांचे असते. वेळेवर म्हणावे लागते, आणि मिनिट संपले की पुन्हा म्हणावे लागते.

हे ऐकून आजीला नवल वाटायचे कारण नाही. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून आपण जी रामरक्षा म्हणत आलो ती दुसरे काय आहे? मस्तकापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे नाव घेऊन त्याचे रक्षण मागणारे ते कवच आहे, आणि वज्रपंजर हे नाव ते स्वतःच स्वतःला देते. बुधकौशिक ऋषींनी काही लोहाराला माप दिले नव्हते. शब्दांचे कवच ही कल्पना अमेरिकेतल्या टेबलावर जन्मलेली नाही. आपल्या घरातल्या मुलांनी ती तिकडून शिकावी आणि आपण त्यांना परकी म्हणून हटकावे, हा मोठा गमतीचा प्रकार आहे.

महाभारतात तर या एका प्रश्नाच्या सगळ्या बाजू लढवून दाखवल्या आहेत. जयद्रथवधाच्या दिवशी दुर्योधन अर्जुनाला अडवायला निघतो तेव्हा द्रोणाचार्य मंत्र म्हणून त्याच्या अंगावर सुवर्णकवच बांधतात. अर्जुनाचे बाण त्यावरून निसटू लागतात. पण अर्जुनाला ती विद्या ठाऊक असते. कवच कुणी बांधले हे तो ओळखतो. मग तो दुर्योधनाचे घोडे मारतो, धनुष्य तोडतो आणि कवचाबाहेर उरलेल्या तळहातांवर बाण मारतो. कवच शाबूत आणि कवच घालणारा बेजार! उसने चिलखत अंगावर चढले तरी त्याचे ज्ञान अंगी येत नाही, हे खेळणाऱ्या मुलाला चटकन पटते. गुहेत सापडलेले भारी चिलखत पहिल्या पायरीवरच्या मांत्रिकाला चढवून त्याने हा अनुभव घेतलेला असतो.

आणि कर्ण. कर्णाइतका हा सौदा कुणी केला नाही आणि इतका महाग कुणाला पडला नाही. जन्माबरोबर आलेली कवचकुंडले, म्हणजे उतरवता न येणारे चिलखत. इंद्र ब्राह्मणाचा वेष घेऊन ती मागायला येणार, हे सूर्याने आधी सांगितलेले. द्यायचीच असतील तर बदल्यात अस्त्र माग, हेही सुचवलेले. कर्णाने अंगावरचे कवच कापून दिले आणि शक्ती घेतली. अट अशी की ती एकदाच चालेल, मग इंद्राकडे परत जाईल. आयुष्यभराचे चिलखत देऊन त्याने एका वेळचा मंत्र विकत घेतला. हा व्यवहार मूर्खपणाचा होता का? मला तसे वाटत नाही. अर्जुनासाठी ती शक्ती राहिली असती तर सौदा फायद्यात जात होता. पण चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कच आला. रात्री मायावी विद्येचा जोर वाढतो, कौरवांची सेना उधळू लागली, सगळे कर्णाला विनवू लागले आणि राखून ठेवलेली शक्ती त्याला घटोत्कचावर टाकावी लागली. कृष्णाला झालेला आनंद प्रसिद्धच आहे. तीन दिवसांनी अर्जुनासमोर उभा राहिलेला कर्ण दोन्ही बाजूंनी उघडा होता. कवच नाही आणि शक्तीही नाही. उरले होते परशुरामाकडून मिळवलेले अस्त्र, आणि तेही खोटे सांगून मिळवलेले असल्यामुळे ऐन वेळी आठवले नाही.

परशुराम म्हणजे आमच्या चिपळूण तालुक्याचेच दैवत. मंत्र आणि परशू या दोन्हींचा धनी. विद्यावंताने शस्त्र धरू नये हा नियम त्याने स्वतःपुरता मोडला, पण शिष्याला मंत्र देताना मात्र अट घातली. गमतीची गोष्ट अशी, की गायगॅक्सच्या मूळ खेळातही मंत्र एकदा टाकला की मांत्रिकाच्या डोक्यातून पुसला जाई. दुसऱ्या दिवशी पोथी उघडून तो पुन्हा पाठ करावा लागे. ही कल्पना त्याने जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून घेतली होती आणि तसे कबूलही केले होते. व्हान्सने महाभारत चाळले होते की नाही याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण एकदाच चालणारी शक्ती आणि ऐन वेळी विसरलेला मंत्र या दोन गोष्टी ज्या घरातल्या मुलाने आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्याला तो नियम कुणी शिकवावा लागत नाही.

झग्याबद्दल आणखी एक. वेष केवळ रक्षणासाठी नसतो. शिमग्यात नमन-खेळे गावात येतात तेव्हा काळ्या वेषातला, उंच टोकदार टोपीचा संकासुर लांबून दिसला की पोरे पळत सुटतात. त्या टोपीने कुठलाही घाव अडत नाही. पण ती टोपी काढली तर तो संकासुर उरत नाही, वाडीतला ओळखीचा काका उरतो. मांत्रिकाच्या झग्याचेही तसे आहे. कित्येक मुले आकड्यांचा तोटा सोसूनही त्याला झग्यातच ठेवतात, कारण लोखंडात तो त्यांना मांत्रिक वाटत नाही. मला अशा मुलांचे कौतुक वाटते.

आता कौशल्ये. खेळात एकंदर अठरा आहेत. प्रत्येक कौशल्याचे आकाशातल्या नक्षत्रासारखे एक चित्र असते आणि दर पायरीला त्यातला एक तारा उजळता येतो. सगळे मिळून तारे २५१. अठराही कौशल्ये शंभरावर नेली तरी हाती लागणारे गुण सुमारे ऐंशी. म्हणजे दोन तृतीयांश आकाश अंधारातच राहणार. हे पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मंत्राच्या विद्या पाच. संहाराची, उपचाराची, भ्रम पाडण्याची, साथीदार बोलावण्याची आणि मघाशी सांगितलेली रूप पालटण्याची. नवखा मुलगा पाचही थोड्या थोड्या शिकतो. शिवाय जवळ असावी म्हणून तलवार, सापडले म्हणून धनुष्य, आणि कुलूप उघडायची कला. विसाव्या पायरीवर त्याच्या मांत्रिकाला सगळे येते आणि कशानेच काही होत नाही. चक्रव्यूहात शिरणे शिकलेला आणि बाहेर पडणे न शिकलेला अभिमन्यू निदान आत शिरू तरी शकत होता.

मला कुणी विचारलेच तर माझा कौल असा. झगाच घालावा. संहाराची एक विद्या आणि रक्षणाची एक विद्या धरावी. तिसरी म्हणून साथीदार बोलावण्याची घ्यावी, कारण एकट्या मांत्रिकापुढे उभे राहायला कुणीतरी हवे ही १९७४ सालची गोष्ट अजूनही खरी आहे. दर तीन पायऱ्यांतली एक प्राणाला द्यावी, उरलेल्या दोन मंत्रशक्तीला. सगळे मंत्रशक्तीतच ओतणारी मुले खूप, आणि ती दोन-तीन घावांत मरणारीही तीच. दमाला काही देऊ नये. मांत्रिकाने पळायची वेळ येऊ देऊ नये, आणि आलीच तर आधीच उशीर झालेला असतो. पण हा माझा कौल झाला. मुलाने तो ऐकलाच पाहिजे असे मुळीच नाही. खरे म्हणजे त्याने तो ऐकू नये.

कारण यातली खरी धास्ती निराळीच आहे. हल्ली मुले ही निवड स्वतः करीनाशी झाली आहेत. नवा मांत्रिक उभा करण्याआधी ती एक चित्रफीत बघतात. तिच्यात कुणीतरी सांगतो, अमुक चिलखत, अमुक पाच तारे, अमुक क्रमाने. याला ती 'बिल्ड' म्हणतात. सर्वांत बलवान बिल्ड, न हरणारे बिल्ड! मुलगा ते उतरवून घेतो आणि मग तीस तास दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयांची अंमलबजावणी करतो. आपल्या पिढीला हा प्रकार अपरिचित आहे का? 'अपेक्षित' प्रश्नसंच आपणच वापरले. लातूर पॅटर्नची जाहिरात वाचून कोकणातल्या मुलांना घाटावर वसतिगृहात आपणच ठेवले. दहावीला टक्के पडले की विज्ञान, मग प्रवेशपरीक्षेचा क्लास, मग ठरलेली शाखा, हेही बिल्डच. कुठल्या तरी यशस्वी माणसाने उजळलेल्या ताऱ्यांची नक्कल. मुलाने खेळात ती पद्धत वापरली तर आपण त्याला काय तोंडाने बोलणार?

पॅटर्न वाईटच असतात असे मी म्हणत नाही. परीक्षेत चुकले तर वर्ष जाते, म्हणून चोखाळलेली वाट धरावी हे समजण्यासारखे आहे. पण खेळात चुकले तर काय जाते? एक संध्याकाळ. नऊ ताऱ्यांचे धनुर्विद्येचे नक्षत्र उजळले आणि मांत्रिकाच्या हाती धनुष्य शोभलेच नाही, तर त्याची किंमत एक पडलेला मांत्रिक एवढीच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या अकलेने चुकायला इतकी स्वस्त जागा आज दुसरी कुठे आहे? शाळेत नाही, क्लासात नाही, घरात तर नाहीच. ती जागाही त्याने उसन्या बिल्डने भरून टाकावी, याचे मला वाईट वाटते. वेळ वाया जातो त्यापेक्षा जास्त वाईट वाटते.

तेव्हा घरी एक छोटासा करार करून बघायला हरकत नाही. रोजची वेळ ठरलेली असावी, तासाभराची म्हणा, आणि पहिला मांत्रिक चित्रफीत न बघता घडवायचा. आठवड्यातून एकदा त्याने घरातल्या कुणालातरी सांगायचे, की मी हे घेतले, ते सोडले आणि का सोडले. ऐकणाऱ्याला खेळातले ओ की ठो कळत नसले तरी चालेल. 'का सोडले' याचे उत्तर मुलाला शब्दात मांडावे लागते, आणि मांडताना तोच अडखळतो, थांबतो, पुन्हा यादी उघडतो. आजी या कामाला बापापेक्षा बरी. बाप तिसऱ्या वाक्याला अभ्यासावर येतो.

पैशाचेही बोलायला हवे. २००६ च्या एप्रिलमध्ये 'ऑब्लिव्हियन'च्या कंपनीने खेळातल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढले. अडीच डॉलर, आणि तेही खरे. लोक चिडले, हसले, आणि अनेकांनी ते घेतलेही. तेव्हापासून ही रीतच पडली. आज मुलांच्या मोबाइलवरच्या खेळांत वेष, टोप्या, पंख यांची दुकाने उघडलेली असतात आणि त्यातल्या बहुतेक वस्तू एकही घाव अडवीत नाहीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला, तो चांगलाच झाला. पण मुलाने सणाच्या पैशातून घेतलेला झगा हा जुगार नव्हे, खरेदी आहे. त्याचा हिशेब घरातच व्हायला हवा. माझे म्हणणे इतकेच, की शिकून, लढून, निवडून मिळवायची वस्तू पैशाने आली की तिच्यासाठी काही सोडावे लागत नाही. मग 'का सोडले' या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

काही खेळांत आता चूक मागे घेण्याचीही सोय आहे. 'स्कायरिम'मध्ये २०१३ साली अशी सुधारणा आली, की शंभरावर नेलेले कौशल्य सोडून द्यायचे ठरवले तर त्यात घातलेले सगळे गुण परत मिळतात. मात्र ते कौशल्य शंभरावरून थेट पंधरावर येते. पुन्हा पहिल्यापासून ठिणग्या पाडायच्या, पुन्हा कोल्ह्यांशी लढायचे. बारावीला विज्ञान घेतलेला आणि आतून चित्रकलेकडे ओढला जाणारा मुलगा ही सोय वापरताना मी पाहिला आहे. संहाराची विद्या त्याने पंधरावर आणली आणि परत आलेले गुण भ्रमविद्येत घातले. कारण विचारले तर म्हणाला, "काका, मारून कंटाळा आला. ह्या विद्येत समोरचा लढायचाच थांबतो." त्याच्या मांत्रिकाच्या अंगात अजूनही झगाच आहे.